कुंपणावरचा धागा

मित्रांनो, तिथेच थांबा. आधी हात दाखवा पाहू. गरम आहेत ना? वाटलेच होते मला. गरम हातांच्या माणसांवर माझा भरवसा नाही, आणि माणसे तर सगळी गरम हातांचीच निघतात.

रागावू नका. मी एक जुने कुंपण आहे आणि संशय घेणे हाच माझा धंदा आहे. शेताभोवती असते तसले कुंपण मी नव्हे. मी ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचे आहे, घरापेक्षा उंच, वाटोळे, वरच्या कडेला बाहेरच्या बाजूस कलते. माझ्या पोटात एक दुर्बीण बसलेली आहे. चिलीच्या उत्तरेला, अताकामाच्या वाळवंटाच्या वरच्या अंगाला एक डोंगर आहे. तिथे माणसे नाकात प्राणवायूची नळी घालून चढतात आणि उन्हे कलली की खाली सान पेद्रो गावी झोपायला जातात. त्या डोंगराच्या खांद्यावर मी उभे आहे. खाली जाऊन झोपायची सोय मला नाही.

माझा जन्म आन्तोफागास्ता बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये झाला. तिथे खाणीवरच्या ट्रकांचे हौदे दुरुस्त होत. माझे पत्रे वाकवणाऱ्या कामगारांना मी पाण्याची टाकी असावे असे वाटे. एकाला तर मी धान्याची कोठी वाटले. मी काय आहे ते त्यांना कुणी सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. तेव्हापासून न विचारणाऱ्या माणसांचाही मला संशय येतो.

डोंगरावर मला उभे केले नोल्बेर्तो आयाविरेने. हा सोकाइरे गावचा, डोंगरावरच्या साऱ्या सामानाची देखभाल करणारा माणूस. शेवटचा बोल्ट आवळून झाल्यावर त्याने बिअरची बाटली उघडली आणि पहिला घोट माझ्या पायाशी जमिनीवर ओतला. त्याच्या गावात घरदार बांधले की आधी धरणीमातेला पाजतात, मग आपण पितात. बिअर थंड होती म्हणून मी काही म्हटले नाही.

आता माझे काम सांगते. आमच्या दुर्बिणीला तारे बघायचे नसतात. तिला सगळ्यात जुना उजेड बघायचा असतो. हे विश्व लहान होते, भट्टीसारखे तापलेले होते, तेव्हा जो उजेड मोकळा सुटला तो अजून चालतोच आहे. चालता चालता तो इतका गार झाला की डोळ्यांना दिसत नाही. शास्त्रज्ञ त्याला सूक्ष्मलहरींचे पार्श्वप्रारण म्हणतात. मी आपली त्याला जुना उजेड म्हणते. तो इतका थंड आहे की त्याच्यापुढे बर्फाचा खडासुद्धा निखारा. मग डोंगर, दगड, ट्रक, कोल्हा आणि तुमचे हात यांचे काय सांगावे! ह्या सगळ्यांची ऊब दुर्बिणीपर्यंत पोचू द्यायची नाही, ती बाहेरच अडवायची, एवढ्यासाठी माझा जन्म आहे. पहारेकऱ्याला झोप चालत नाही आणि ओळखदेख तर मुळीच चालत नाही.

म्हणून मी सगळ्यांवर नजर ठेवून असे. कोल्हा पाठ घासायला आला की वाटे, हा उगाच आलेला नाही. ढग दिसला की वाटे, हा वाफ घेऊन आत शिरणार. नोल्बेर्तो दुपारी माझ्या पत्र्याला पाठ टेकून पावात आवोकाडो चिरडून खात बसे, त्याचा रेडिओ माझ्या बोल्टाला लटकवे आणि तोंडात घास असतानाच खालच्या ऑफिसशी गप्पा मारी. त्याची पाठ बाहेरच्या बाजूला असे, तिचा काही त्रास नव्हता. तरी मी सावध असे. आज बाहेर टेकलेला माणूस उद्या आत टेकेल.

सुरुवातीची वर्षे कौतुकाची गेली. पहिला नकाशा तयार झाला तेव्हा आमच्या प्रमुख इस्मेनियाबाई मुद्दाम वर आल्या. बाई बोलायला कडक, हसणे बेताचे. त्यांनी मला बाहेरून दोन थापट्या मारल्या आणि म्हणाल्या, "नकाशा स्वच्छ आलाय. ह्या पत्र्यांचं काम आहे हे." पाहुण्यांनी फोटो काढले, पण ते दुर्बिणीचे. माझी कड त्यात कोपऱ्यात यायची, तीही कुणीतरी कापून टाकत असणार. पुढे वाऱ्याने दगड फेकून माझ्या अंगावर पोचे पाडले. ते काढायला कुणाला वेळ झाला नाही.

त्याच बाईंनी एक नियम घालून दिला होता. कुंपणाच्या कडेच्या वर काहीही जाता कामा नये. कडेच्या वर गेलेली काठीसुद्धा डोंगराची ऊब पकडते आणि आत भिरकावते. मग नकाशात एक गरम रेघ उमटते, आणि गणिताने ती पुसायला गेले की तिच्या शेजारी खोटा काळोख पडतो. नियम मला फार आवडला होता.

मित्रांनो, मी संशयी खरे, पण ज्या माणसांत मी राहिले ती माझ्याही वरताण होती. ही माणसे जे दिसले ते खरे मानतच नाहीत. त्यांच्यात एक रीत आहे. कुणाला नकाशात काही नवे सापडले की त्याच्या जवळच्यातल्या जवळच्या मित्राला फिर्यादी नेमायचे. ते नवे खोटे आहे हे सिद्ध करणे एवढेच त्याचे काम. लांबचा माणूस भिडेपोटी गप्प बसेल, पण मित्र हाडे मोडून ठेवील, असा हिशेब.

यास्ना ही आन्तोफागास्ताची, बंदरावर मासे विकणाऱ्यांच्या घरातली मुलगी. शिकून इथे संशोधक म्हणून आली. बोलणे मासळीबाजारातले, खणखणीत. पहिल्याच दिवशी उंची सोसली नाही आणि ती माझ्या पायाशी भडभडून ओकली. नोल्बेर्तोने तिला डोंगरातल्या पाल्याचा चहा पाजला आणि तेव्हापासून ती त्याची 'पोरी' झाली, तो तिचा 'काका' झाला. मी मात्र तिच्यावर डोळा ठेवला. आल्या आल्या जो पायाशी ओकतो त्याचे पुढे काय सांगावे!

पुढची गोष्ट एका सप्टेंबरातली आहे. अठरा सप्टेंबरला चिलीत मोठा राष्ट्रीय सण असतो. त्या दिवशी प्रत्येक इमारतीवर झेंडा लावलाच पाहिजे असा कायदा आहे, नाहीतर दंड. नोल्बेर्तोने लोखंडी काठी आणली आणि माझ्या उत्तरेच्या कडेला, बोल्ट सैल करून, त्यातच ती आवळायला घेतली. शिडी यास्नाने धरली होती.

"काका, बाईंचा नियम माहितेय ना? कडेच्या वर काही नाही."

"बाईंचा नियम डोंगरापुरता, पोरी. झेंड्याचा कायदा अख्ख्या देशाचा."

"इथवर कुठला पोलीस येणार दंड करायला?"

"आलाच तर त्याला आधी प्राणवायू द्यावा लागेल. पण म्हणून माझ्या डोंगरावर झेंडा नाही, असं नाही चालायचं."

यास्ना हसली. "बरं. दोन दिवसच पण. मी बाईंना सांगते आणि ते दोन दिवस नकाशातून गाळून टाकते. वीस तारखेला उतरवा."

तिने सांगितले, बाईंची बोलणी खाल्ली, दोन दिवस गाळलेही. आणि ती सुट्टीला घरी निघून गेली.

वीस तारीख आली आणि गेली. पुढच्या आठवड्यात ह्या लोकांचा 'छोटा अठरा' असतो. मोठ्या सणाचे पोट भरत नाही म्हणून पुन्हा एकदा मांस भाजायचे, पुन्हा नाचायचे. सणाचा झेंडा सण संपल्याशिवाय उतरवायचा कसा, असा नोल्बेर्तोचा सरळ विचार. महिना संपेपर्यंत झेंडा माझ्या कडेवर फडफडत राहिला, वाऱ्याने विरत राहिला, आणि दुर्बीण आपली बघत राहिली. मी कुरकुरत होते. पण माझे पत्रे वाऱ्याने नेहमीच वाजतात, त्याकडे कोण लक्ष देतो!

पुढच्या वर्षी यास्नाला सावली सापडली.

सावली म्हणजे काय ते सांगते. दीर्घिका एकेकट्या राहत नाहीत, मोठमोठे घोळके करून राहतात. त्या घोळक्यांमध्ये भयंकर तापलेला वायू भरलेला असतो. जुना उजेड त्यातून येताना वायू त्याला धक्का देतो, आणि आमच्या दुर्बिणीला तेवढ्या जागी उजेड किंचित कमी दिसतो. दिव्यासमोर कुणी उभे राहिले की भिंतीवर कळते, तसेच हे. आणि खरी मजा पुढेच आहे. घोळका कितीही लांब असला तरी ही सावली फिकी पडत नाही. दीर्घिकांचा स्वतःचा उजेड लांबून मिणमिणता होऊन दिसेनासा होतो, पण जुन्या उजेडावर पडलेली त्यांची सावली तशीच राहते. म्हणून जे घोळके कुणाला दिसत नाहीत ते आमच्या दुर्बिणीला सापडू शकतात.

यास्नाच्या सावलीच्या जागी दुसऱ्या कुठल्याच दुर्बिणीला काही दिसले नव्हते. म्हणजे एक तर तो फार फार लांबचा, विश्वाच्या तरुणपणातला घोळका होता, नाहीतर ती सावली साफ खोटी होती. तिची नेमणूक त्या वर्षअखेर संपत होती. सावली खरी ठरली तर तिला इथे कायमचे काम मिळणार होते. खोटी ठरली तर आकाश सोडून कुठल्यातरी तांब्याच्या खाणीत आकडेमोड करायला जावे लागणार होते. हे मला नोल्बेर्तोच्या रेडिओवरून कळले. रेडिओ माझ्याच बोल्टाला असतो, मी चोरून ऐकत नव्हते.

फिर्यादी नेमला बाल्ताझारला. हा यास्नाचा कॉलेजपासूनचा मित्र, काटकुळा, तिरकस बोलणारा. दोघे एकाच ट्रकमधून वर आले. दोघांच्या नाकात नळ्या आणि तोंडात भांडण.

"खरं सांग, यास्ना. ही सावली तुला आवडलीय ना?"

"जीव जडलाय माझा तिच्यावर."

"मग झालं तर. जीव जडला की समजायचं, काहीतरी गडबड आहे."

"म्हणूनच तुझं लग्न होत नाही, गाढवा."

"माझं सोड. तुझी सावली आकाशाच्या ज्या भागात आहे, तो भाग दुर्बिणीला उत्तरेच्या पत्र्यांवरून दिसतो. माझा संशय ह्या पत्र्यांवर आहे."

मित्रांनो, माझ्यावर! आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेतला आणि आज माझ्याकडे बोट दाखवले जात होते. मला राग आला, आणि थोडी भीतीही वाटली. कारण मला झेंडा आठवत होता.

बाल्ताझारने शिडी लावली. पत्र्याला पत्रा जिथे जुळतो तिथे बोटे फिरवली, पोचे टॉर्चने पाहिले, रिबिटे ठोकून पाहिली. कडेवरून नजर टाकली. काठी कधीच उतरवली होती आणि नवे भोक कुठेच पाडलेले नव्हते. झेंडा दोनच दिवस होता आणि ते दिवस गाळलेले आहेत, एवढे त्याला ठाऊक होते. तो खाली उतरला, धापा टाकत म्हणाला, "कुंपण निर्दोष आहे. माझी फिर्याद मागे घ्यावी लागणार बहुतेक," आणि चहा प्यायला केबिनमध्ये गेला.

यास्ना शिडीपाशीच राहिली. तिला काय वाटले कोण जाणे, ती स्वतः वर चढली. माझ्या उत्तरेच्या कडेच्या एका बोल्टाखाली एक धागा चेपून बसला होता. झेंड्याचा, लाल रंगाचा. लाल कसला, उन्हाने पार गुलाबी पडलेला. तिने तो हळूच ओढून काढला आणि बराच वेळ हातात धरून बघत राहिली.

"काका," ती खाली न बघता म्हणाली, "झेंडा दोन दिवसांत एवढा विरतो?"

शिडी धरून उभा असलेला नोल्बेर्तो पाय चाळवत म्हणाला, "वारा फार असतो वर."

"कधी उतरवलात?"

"महिना संपला तेव्हा. छोटा अठरा झाल्यावर. का गं? दोनाचे चार दिवस झाले तर काय बिघडलं?"

"दोनच दिवस गाळलेत मी, काका. बाकीचे नकाशातच आहेत." मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला असावा, कारण तो एकदम हळू आवाजात बोलू लागला. "पोरी, तो काटक्या बाल्ताझार तपासून गेला. निर्दोष म्हणाला. आता कुणाला कळणारे? तू बोलणार नाहीस, मी बोलणार नाही. हे कुंपण थोडंच बोलतंय!"

यास्नाने धागा बोटाला गुंडाळला, सोडवला, आणि जाकिटाच्या खिशात टाकला. "चला, उन्हं कलली," एवढेच ती म्हणाली. बाल्ताझार आला, तिघे ट्रकमध्ये बसले, आणि धूळ उडवत खाली गेले.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. पुरावा तिच्या खिशात गेला होता. माझ्या डोळ्यांदेखत गेला होता. मी म्हटले, बघा, मी पहिल्या दिवसापासून सांगत होते! सावली खरी म्हणून मिरवली जाईल, आणि कधीतरी कुणाला खोट सापडेल तेव्हा म्हणतील, कुंपणच फुटके होते. नोल्बेर्तो जेवायला बसला तरी मला त्याच्याकडे बघवेना. तोही रेडिओ न लावता गुमान खात होता. त्या गप्पपणाचाही मी वाईटच अर्थ काढला.

शेवटी एका दुपारी तो आपणहून बोलला. माझ्याशीच बोलला असावा, कारण दुसरे कुणी नव्हते.

"त्याच दिवशी सांगून मोकळी झाली रे ती. खाली पोचलो, ट्रक थांबला, अजून दार उघडायचं होतं, आणि तिनं खिशातून धागा काढून काटक्याच्या मांडीवर ठेवला. म्हणाली, घे तुझी फिर्याद. बाईंनी माझी जी खरडपट्टी काढली ती काढली. पण पोरीचं काय आता?" आणि डोळ्यांत वारा गेल्यासारखे त्याने डोळे पुसले. त्या दिवशी वारा नव्हता.

मला फार बरे वाटले आणि फार वाईटही वाटले. दोन्ही एकदम वाटू शकते, हे तोवर मला माहीत नव्हते.

ठरले असे की तो अख्खा सप्टेंबर काढून टाकायचा, नकाशा नव्याने करायचा, आणि मगच सावलीकडे बघायचे. पण ह्या माणसांची आणखी एक रीत आहे. नकाशाचा तो तुकडा झाकून ठेवायचा आणि उघडण्याआधीच रेघ मारायची. सावली किती ठळक निघाली तर खरी मानू, हे आधी सांगायचे आणि मग शब्द फिरवायचा नाही. उघडण्याच्या दिवशी सगळे खालच्या ऑफिसात जमले होते. यास्नाला तिथे खुर्चीत बसवेना. ती वर येऊन माझ्या शेजारी, नोल्बेर्तोच्या रेडिओसमोर उभी राहिली.

रेडिओतून इस्मेनियाबाई म्हणाल्या, "यास्ना, रेघ कुठे मारायची?"

यास्नाने रेघ सांगितली. नेहमीपेक्षा कडक सांगितली. ऑफिसात कुणीतरी 'अरे बापरे' म्हटल्याचा आवाज आला.

"नक्की?"

"नक्की, बाई. खोटेपणाचा वास एकदा आला की रेघ वरच मारायची. तुम्हीच शिकवलंत."

रेडिओ खरखरला. मग बाल्ताझारचा आवाज आला, नेहमीचा तिरकसपणा नसलेला. "आहे, यास्ना. सावली आहे. झेंड्याची नव्हती ती सगळी. पण रेघेच्या खाली आहे. अगदी जरासं खाली." आणि मग घाईघाईने, "बाई, एवढ्यातेवढ्याने काय होतं? मी फिर्यादी आहे आणि मीच म्हणतोय, सोडून द्या!"

उत्तर यास्नाने द्यायचे होते. ती माझ्याकडे बघत होती, म्हणजे माझ्या कडेकडे, जिथे काठी होती तिथे. नोल्बेर्तोने तिचा हात धरला. "हो म्हण, पोरी. फिर्यादीच सोडतोय."

तिने रेडिओचे बटण दाबले. "रेघ मी मारली होती, बाल्ता. आता मीच ती वाकवू? सावलीचं प्रकरण बंद करा. बाहेर कुठे बोलू नका."

मग ती माझ्या पायाशी बसली आणि मोठ्याने रडली, जिथे पहिल्या दिवशी ओकली होती तिथेच. वर्ष संपल्यावर ती कालामा शहराजवळच्या तांब्याच्या खाणीत नोकरीला गेली.

पुढच्या सप्टेंबरापासून नोल्बेर्तो झेंडा माझ्यावर लावत नाही. खाली रस्त्याच्या वळणावर त्याने दगडांचा ढीग रचला आणि काठी त्यात रोवली. तो झेंडा मला इथून दिसतो. मी त्याच्यावर नजर ठेवते.

आणि बाल्ताझारवरही ठेवली. कारण आकाशाच्या त्याच तुकड्याकडे दुर्बीण पुन्हा पुन्हा वळवायचे काम त्याने मागून घेतले होते. मी म्हटले, आले ध्यानात. ती गेली, आता सावली ह्याची. वर्षामागून वर्षे तो वर येई, माझे बोल्ट तपासी, एखादा पोचा दिसला की नोल्बेर्तोला हाका मारी. पत्रे त्याने कधी नव्हे इतके नीट ठेवले. चोर घराची डागडुजी करतो तो उगाच नाही, असे मी मनाशी म्हणे.

एक दिवस ट्रकमधून तो उतरला, मागून इस्मेनियाबाई उतरल्या, आता पुरत्या पिकलेल्या, आणि त्यांच्यामागून खाणीचे नारिंगी जाकीट घातलेली यास्ना. ती जाडजूड झाली होती. नाकात नळी घालून ती बाल्ताझारवर ओरडत होती.

"सहा वेळा फोन करून बोलावलंस. रजा टाकून आलेय मी. एवढं काय काढलंस?"

"काही काढलं नाही. तेच तर." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "डेटा पुरेसा झाला. चाचण्या झाल्या. फक्त नकाशाचा तो तुकडा झाकलेला आहे. मी उघडला नाही. कुणालाच उघडू दिला नाही. रेघ तुझी होती."

यास्ना त्याच्याकडे बघतच राहिली. मग बाईंकडे वळली. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतेस? तीन वेळा भांडले मी त्याच्याशी, उघड म्हणून. ऐकत नाही हा."

आता ती धावत केबिनमध्ये जाईल असे मला वाटले. ती गेली नाही. तिने शिडी मागितली. माझ्याभोवती पूर्ण फेरी मारली. प्रत्येक बोल्टाखाली नख घालून पाहिले, कडेवरून हात फिरवला, प्रत्येक जोड टॉर्चने पाहिला. जुन्या मित्रावरही विश्वास नाही, बाईंवरही नाही, माझ्यावर तर नाहीच. नोल्बेर्तो शिडी धरून कुरकुरत होता की आता आपले गुडघे राहिले नाहीत. दुपार टळली. सगळे केबिनच्या पायऱ्यांवर थंडीत बसून राहिले, पण 'लवकर कर' असे कुणी म्हटले नाही. इतक्या मायेने माझ्यावर कुणी संशय घेतला नव्हता.

"काही नाही," ती उतरून म्हणाली. "उघड."

बाल्ताझारने केबिनचे दार उघडेच ठेवले, म्हणून मलाही ऐकू आले. कळ दाबल्याचा आवाज. मग यास्नाचा मासळीबाजारातला आवाज डोंगरभर गेला, आणि तिने जे शब्द वापरले ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. सावली रेघेच्या कितीतरी पलीकडे होती. दीर्घिकांचा तो घोळका खरोखर तिथे होता, आणि पुढे मोठ्या डोळ्यांच्या एका दुर्बिणीला त्यातल्या दीर्घिका एकेक करून दिसल्याही. नोल्बेर्तोने बिअर उघडली. पहिला घोट जमिनीला दिला. बाल्ताझारने पाकिटातून प्लास्टिकमध्ये जपलेला एक गुलाबी धागा काढून यास्नाच्या तळहातावर ठेवला, आणि दोघेही एकमेकांना शिव्या देत रडले.

मित्रांनो, आता मी म्हातारे झाले आहे. समोरच्या डोंगरावर नव्या, मोठ्या दुर्बिणी आल्या आहेत. आमची दुर्बीण गेल्या हिवाळ्यात बंद केली. माझे पत्रे उतरवून भंगारात जाणार, असे नोल्बेर्तोच्या रेडिओवर ऐकले. खरे असेल, खोटेही असेल. ऐकले त्यावर माझा लगेच विश्वास बसत नाही. यास्ना म्हणे खाणीच्या लोकांकडून पैसे जमवते आहे, मला इथेच ठेवावे, शाळेच्या मुलांना दाखवावे म्हणून. तेही मी अजून डोळ्यांनी पाहिलेले नाही.

एवढे मात्र पाहिले. दुर्बीण बंद झाली त्या दिवशी यास्ना आली होती. ती माझ्या आत आली, हातमोजा काढला आणि उत्तरेच्या पत्र्यावर, आतल्या बाजूने, उघडा तळहात टेकवला. आतून मला कुणी कधी उघड्या हाताने शिवले नव्हते. शिवायला मनाईच होती. त्यासाठीच तर मी होते. मी घाबरून वाट बघत राहिले की आता काय बिघडेल. काहीच बिघडले नाही. हात गरम होता, एवढेच.

म्हणून तुम्हाला सांगते. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंवर संशय जरूर घ्या, पण लांबून घेऊ नका. जवळ या, बोल्टाखाली बघा, पोचा दिसला तर ठोकून सरळ करा. वस्तूंशी असे वागा, आणि मित्रांशीही असेच वागा.

मघाशी मी तुम्हाला तिथेच थांबवले होते. आता आत या. हात दाखवा पाहू. गरम आहेत ना? असू देत. इथे, उत्तरेच्या ह्या पत्र्यावर ठेवा.